त्यांना धरू नका

ह्यांनी मला आयुष्यात दोनदा मारलं. दोन्ही वेळा त्यांना त्यातलं काहीही आठवलं नाही. मी ह्यांना एकदाच मारलं, आणि ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

हे जाऊन बरीच वर्षं झाली. आजवर हा विषय मी घराबाहेर काढला नव्हता. पण गेल्या महिन्यात शेजारच्या तरुण माणसाला अंगणात आकडी आली. चौघांनी त्याला दाबून धरलं, एकाने तोंडात चमचा घातला. शुद्धीवर येता येता त्याने स्वतःच्या बापाला भिंतीवर ढकललं. लगेच सगळे म्हणाले, ह्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याची बायको दाराला टेकून उभी होती, तोंडावर हात ठेवून. तिच्या जागी मी एकेकाळी उभी होते. तिच्यासाठी हे लिहिते आहे.

हवालदार

हे साताऱ्याकडचे. अठराव्या वर्षी पलटणीत गेले. काश्मीरच्या लढाईत उजव्या कानामागे बॉम्बगोळ्याचा तुकडा लागला. जखम भरली, तिथे केस उगवले नाहीत, एवढीच खूण राहिली. हवालदार म्हणून पेन्शनीत आले, चार-पाच वर्षं गावी शेती केली. मग तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं. जड यंत्रं दोरखंडांनी आणि साखळ्यांनी चढवायची-उतरवायची कामं फौजेत केलेली माणसं तिथे हवी होती. हे आधी एकटे आले. सहा महिन्यांनी मला आणि शैलाला घेऊन गेले. शैला तेव्हा दहा वर्षांची.

बोईसरहून तारापूरकडे जाताना एका गावात जानूबायच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. जानूबाय मासे विकायची. पहाटे पाटी डोक्यावर घेऊन निघायची आणि दुपारी परत येऊन आमच्या ओट्यावर पाय पसरून बसायची. मला गावच्या शाळेत मास्तरणीची नोकरी मिळाली.

हे वीस माणसांच्या टोळीचे मुकादम होते. बहुतेक माणसं वाणगाव, मासवण इकडची, शेतीचा हंगाम संपला की कामाला येणारी. ह्यांनी त्यांना गाठी मारायला शिकवल्या. ओढलं की आवळणारी आणि सोडायची म्हटली की एका बोटाने सुटणारी गाठ. सायकलवरून कामाला जायचे, येताना सरपण घेऊन यायचे. विहिरीचं पाणी हेच भरायचे. बाकीचे पुरुष हसायचे, हे त्यांना सलाम ठोकून पुढे जायचे. माझी शाळा सकाळची, म्हणून शैलाच्या वेण्या हे घालायचे. वेण्या इतक्या घट्ट असायच्या की पोरीचे डोळे ताणले जायचे. "बाबा, मी काय क्रेनला बांधायची आहे का?" ती ओरडायची.

बारा वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. हे सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट समजेल.

पहिला रविवार

रविवारची दुपार होती. मी चुलीवर भाकरी टाकत होते. हे दारात सायकलची साखळी पुसत बसले होते.

"वायर जळतीये का गं कुठं?" त्यांनी विचारलं.

आमच्या घरात वीजच नव्हती. मी हसले. मागे वळून पाहिलं तर हे उभे होते, मान एका बाजूला ओढली गेली होती आणि डोळे कुठेच बघत नव्हते. मग घशातून एक आवाज निघाला. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. हे धाडकन सायकलवर कोसळले. हात-पाय आपटायला लागले. ओठ निळे पडले, तोंडातून लाल फेस आला.

मी किंचाळले. जानूबाय धावत आली. "बायो, धर त्याला, धर! डोका फुटंल!" तिने पाय धरले, मी छातीवर पडून हात दाबले. झटके थांबले तसं मला वाटलं, सुटलो. मी धरूनच ठेवलं.

ह्यांनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत मी नव्हते. त्यांनी माझा हात पिरगाळून काढला, आणि मोकळ्या हाताने माझ्या डाव्या कानशिलावर असा तडाखा दिला की मी चुलीपाशी जाऊन पडले. जानूबायला लाथ बसली, तिची पाठ खांबावर आपटली. मग हे उठले, दोन पावलं चालले आणि जमिनीवर पडून घोरायला लागले.

तासाभराने उठले. जीभ चावली गेली होती, बोलणं जड झालं होतं. माझ्या कानातून रक्त येत होतं.

"काय झालं तुला?"

"पडले," मी म्हटलं.

का खोटं बोलले? लाज वाटली म्हणून. नवऱ्याने मारलं हे सांगायची लाज, आणि मारणाऱ्यालाच ते सांगायची त्याहून जास्त. तो कान पुन्हा कधी उघडला नाही. जानूबायला मी शपथ घातली. ती म्हणाली, "मी नाय बोलणार. पण हा चांगला लक्षण नाय गो."

दुसऱ्या खेपेला मी एकटी होते. पुन्हा धरलं, पुन्हा मार खाल्ला. मनगट मोडलं. शाळेत सांगितलं, विहिरीवर पाय घसरला.

दोरखंड

त्यानंतर महिनाभराने दुपारी एक ट्रक आमच्या दारात थांबला. मागच्या फळीवर हे पडले होते. हात-पाय दोरखंडाने बांधलेले, शर्ट फाटलेला, पाठीवर काठ्यांचे वळ, एक डोळा सुजून बंद. ज्या गाठीने बांधलं होतं ती ह्यांनीच शिकवलेली होती.

काय झालं ते टोळीतल्या माणसांनी तुटक तुटक सांगितलं. कामावरच हे पडले. सात-आठ जण त्यांच्या अंगावर पडले. मग ह्यांनी जो हाताला लागेल त्याला मारायला सुरुवात केली. हाताशी लोखंडी पाना होता. तो लखमा नावाच्या माणसाच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडलं. ते बघून बाकीच्यांनी काठ्या उचलल्या. ट्रकचा ड्रायव्हर मला म्हणाला, "हवलदार पागल हो गया है, बहनजी. इसको बाँध के रखना."

साहेबांनी निरोप पाठवला होता की दारू पिऊन कामावर येणाऱ्याला जागा नाही. हे दारूला शिवत नसत.

मी माझ्या भावाला, दत्तूला, पत्र टाकलं. तो चौथ्या दिवशी आला. दत्तू तालमीत वाढलेला, मनाचा हळवा पण डोक्याने एककल्ली. माझा कान आणि मनगट बघून त्याने काही विचारलं नाही. बाजारात जाऊन साखळी आणि कुलूप घेऊन आला.

"ताई, ह्यांना ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकू. तोवर हे लावून ठेव. नाहीतर एक दिवस तुझी नाहीतर पोरीची राख उचलायला मला यावं लागंल."

मी हो म्हटलं. ते वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी हो म्हटलं.

ह्यांच्या उजव्या पायात साखळी घालून ती मधल्या खांबाला अडकवली. हे अगदी शांत होते. "इंदू," ते म्हणाले, "मी काय केलं ते तरी सांग मला. सगळे माझ्याकडे असं का बघतात?"

तेव्हा मी सांगितलं. कान, मनगट, जानूबायची पाठ, लखमाचा खांदा. ह्यांनी माझ्या कानाला लावायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग दत्तूला म्हणाले, "साखळी आखूड कर. दारापर्यंत पोचतीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेतून लवकर परत आले. शैला त्यांच्यासमोर पाठ करून बसली होती आणि हे तिच्या वेण्या घालत होते. हात हलले की साखळी वाजायची. पोर रडत नव्हती. समोर बघत बसली होती.

मी मारलं ते

तिसऱ्या दिवशी जेवताना हे मध्येच थांबले. "दत्तू, वायर जळतीये," म्हणाले. दत्तूने ताट बाजूला फेकलं आणि झटका यायच्या आतच त्यांच्यावर झेप घेतली. छातीवर गुडघा रोवला, दातांत लाकडाची ढपली कोंबली. ढपलीबरोबर पुढचे दोन दात तुटले, त्याचा आवाज मला ऐकू आला. ह्यांचा एक हात खांद्यातून निखळला. तरी दत्तू म्हणत होता, "सोडणार नाही, दाजी, सोडणार नाही!"

झटके थांबले. दत्तूने सोडलं नाही.

मग सगळं इतक्या झटपट झालं की मला वाटलं दोघं मिळून एकच जनावर झालेत. ह्यांच्या चांगल्या हातात साखळीचा मधला भाग आला. दत्तूच्या मानेभोवती वेढा पडला, आणि हे मागे रेलून ओढायला लागले. पलटणीत शिकलेलं असेल. दत्तूचे पाय जमिनीवर घासत होते. त्याचे डोळे बाहेर आले, जीभ दिसायला लागली. शैला कोपऱ्यात भिंतीला चिकटून "मामा, मामा" ओरडत होती.

मी "अहो, सोडा" म्हटलं, पाया पडले, बोटं उचकटली. बोटं लोखंडाची झाली होती.

चुलीपाशी जळणाचा ओंडका होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या नवऱ्याच्या कपाळावर घातला. पहिल्या घावाने काही झालं नाही. मी दुसरा घातला.

साखळी सुटली. ह्यांच्या कपाळातून रक्ताची धार लागली, भिंतीवर उडाली, माझ्या तोंडावर आली. दत्तू जमिनीवर पडून गुरासारखा श्वास ओढत होता. हे हलत नव्हते. मला वाटलं, मी मारलं त्यांना. आणि एक क्षणभर, देवाशप्पथ सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

मग त्यांच्या छातीला कान लावला. चांगला कान. आत ठोके चालू होते.

पालघर

जानूबायने मासळीचा ट्रक थांबवला. बर्फाच्या पेट्यांच्या मध्ये ह्यांना झोपवून आम्ही पालघरच्या इस्पितळात गेलो. डॉक्टर मध्यम वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी कपाळ बघितलं.

"हे कशाने?"

"मी मारलं," मी म्हटलं. खोटं बोलायची ताकदच संपली होती.

त्यांनी तेही शांतपणे लिहून घेतलं. मग सगळं विचारलं. "झटका यायच्या आधी काही होतं का? काही दिसतं, ऐकू येतं?"

"वायर जळाल्याचा वास येतो म्हणतात. पण काही जळत नसतं."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "डोक्याला कधी मार लागला होता?"

मी ह्यांच्या कानामागची केस नसलेली जागा दाखवली. दोन बोटांनी त्यांनी ती बराच वेळ चाचपली.

"बाई, ह्यांना वेड लागलेलं नाही. हे फेफरं आहे. मुंबईला फोटो काढावा लागेल, पण मला वाटतं लढाईतलं काहीतरी अजून आत आहे."

मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. मी रडले नाही. मला राग आला. इतकी वर्षं ते तिथे होतं आणि आम्ही साखळी विकत आणली.

वॉर्डात मार्था सिस्टर म्हणून एक होत्या. वसईकडच्या, पन्नाशीच्या, बुटक्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या औषधं वाटत असताना ह्यांना झटका आला. दत्तू, दोन वॉर्डबॉय आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाऊ, असे चौघे धावले.

सिस्टरांनी हातातला ट्रे टाकून दिला. बाटल्या फुटल्या. दोन्ही हात पसरून त्या खाटेसमोर उभ्या राहिल्या. "कोणी हात लावायचा नाही! मागे व्हा! तू पण!" शेवटचं दत्तूला.

"अहो सिस्टर, माणूस मारतील ते!"

"ज्याने धरलंय त्यालाच मारतात ना? न धरणाऱ्याला कधी मारलंय?"

मी मनात एकेक प्रसंग आठवला. मी धरलं होतं. जानूबायने धरलं होतं. लखमाने धरलं होतं. शैला घरात असली की कोपऱ्यात पळायची. तिला कधी ओरखडासुद्धा आला नव्हता.

सिस्टरांनी स्टूल लांब सरकवलं, डोक्याखाली उशी सारली, झटके ओसरल्यावर ह्यांना एका कुशीवर वळवलं आणि लगेच चार पावलं मागे आल्या. हे उठले. मुठी आवळलेल्या, टाके घातलेल्या कपाळावरून रक्त गळतंय, खांदा बांधलेला. वॉर्डातली माणसं खाटांवर आक्रसून बसली. हे खाटांमधून चालत गेले. कोणी आडवं आलं नाही. सिस्टर लांबूनच, मुलाला निजवताना बोलावं तशा आवाजात म्हणत होत्या, "हवालदार, बसा. इथे कोणी नाही. बसा आता."

हे खिडकीपाशी थांबले. भिंतीला हात लावला. आणि बसले. मुठी उघडल्या.

संध्याकाळी हे पूर्ण शुद्धीवर आल्यावर मी त्यांना विचारलं, "त्या वेळचं खरंच काही आठवत नाही?"

"एवढंच आठवतं," ते म्हणाले, "की अंगावर माणसं पडलीयेत आणि मला श्वास घ्यायचाय."

लखमा

मुंबईच्या फोटोत एक पांढरा ठिपका दिसला, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो काढायला गेलो तर बोलणं जाईल, असं तिथले डॉक्टर म्हणाले. गोळ्या मात्र जन्मभर, वेळ न चुकवता. उंचावर चढायचं नाही, विहिरीच्या काठावर उभं राहायचं नाही. म्हणजे मुकादमी गेली.

घरी आल्यावर हे दोन आठवडे कोणाशी बोलले नाहीत. जानूबाय रोज न चुकता ताजे बोंबील ठेवून जायची आणि दारातूनच म्हणायची, "हवालदार, मी आली हाय. मला लाथ मारायला तरी बाहेर ये." ते हसायचे नाहीत.

एका सकाळी लखमा आला. मोडलेला हात गळ्यात अडकवलेला. रुमालात कोंबडीची अंडी बांधून आणली होती. हे त्याला बघून उठले आणि मान खाली घालून उभे राहिले.

"लखमा, माझ्या हातून..."

"तुमी नाय मारला, हवालदार," लखमा म्हणाला. "आमी सगळे तुमच्या छातीवर बसलो व्हतो. म्यासुद्धा. मंग काठ्या आमी मारल्या. मी पडलेला व्हतो, नायतर मीबी मारली असती. खरा सांगतो."

त्याने अंड्यांचा रुमाल ह्यांच्या हातात दिला. मग लखमा म्हणाला, "साहेबाला मी सांगतो, दारू नाय, आजार हाय."

आणि त्याने सांगितलं. एकट्याने नाही, टोळीतली पाच माणसं घेऊन गेला. डॉक्टरांची चिठ्ठी मी दिली होती, पण चिठ्ठीने काम झालं असतं असं मला वाटत नाही. ज्याचं हाड मोडलं तोच उभा राहून बोलतो म्हटल्यावर साहेबही गप्प झाले. ह्यांना जमिनीवरचं काम मिळालं, अवजारांच्या कोठारात. निवृत्तीचं वय होईपर्यंत ते तिथेच होते.

दत्तू गावी परतायच्या दिवशी ह्यांच्या पाया पडला. त्याच्या मानेवर साखळीचा डाग जन्मभर राहिला. दोघांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. दाजी आणि मेहुण्यांत जेवढं मोकळं बोलणं असतं तेवढं त्यांच्यात परत कधी आलं नाही, हेही लिहून ठेवते. सगळं भरून येत नाही.

गोळ्यांनी झटके कमी झाले, थांबले नाहीत. वर्षाकाठी दोन-तीन यायचे. वास आला की हे स्वतःच आडवे व्हायचे. पुढे बावीस वर्षं जगले आणि शेवटी छातीच्या दुखण्याने गेले, फेफऱ्याने नाही.

बोईसरचा बाजार

एक दिवस मात्र सांगायचा राहिला. इस्पितळातून आल्यावर सहा-सात महिन्यांनी आम्ही तिघं बोईसरच्या बाजारात गेलो होतो. हे आणि शैला पुढे, मी भाजीवाल्यापाशी थोडी मागे.

"शैला, वायर जळतीये," हे म्हणाले. हातातली पिशवी खाली ठेवली आणि रस्त्याच्या कडेला, धुळीत, आडवे झाले.

क्षणात गर्दी जमली. "मिरगी हाय, मिरगी! चप्पल हुंगवा!" "हात धरा त्याचे!" एक दांडगा माणूस गुडघ्यावर बसून ह्यांचे खांदे पकडायला वाकला. मी धावले, पण मध्ये माणसांची भिंत होती.

"धरू नका! माझे बाबा आहेत!" शैला किंचाळली. तो ऐकेना. तिने त्याच्या मनगटाला दात लावले. तो बोंबलत मागे पडला. मग ती हात पसरून उभी राहिली, अकरा-बारा वर्षांची पोर, ओठाला रक्त लागलेलं. "जो हात लावेल त्याला चावेन!"

कोणी पुढे आलं नाही. मी पोचले आणि दुसऱ्या बाजूने उभी राहिले. झटके संपले. आम्ही त्यांना कुशीवर वळवून मागे सरलो. हे मुठी आवळून उठले. गर्दी फाटली. चार पावलं चालून गेले, आणि शैला लांबून म्हणत राहिली, "बसा, बाबा. इथे कोणी नाही." हे एका दुकानाच्या पायरीवर बसले.

बऱ्याच वेळाने त्यांनी नजर वर केली. गर्दी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि चेहरा पांढरा पडला.

"कोणाला लागलं?"

शैलाने मनगट चोळत उभ्या असलेल्या त्या माणसाकडे पाहिलं. "त्यांना लागलं, बाबा. पण ते तुम्ही नाही. मी चावले."

ह्यांनी दोन वेळा तिच्याकडे बघितलं. मग हसायला लागले. आजारपण सुरू झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. दोन दात नसलेल्या तोंडाने, डोळे पुसत, हे हसत राहिले. मग पायरीचा आधार घेऊन उठले, शर्टावरची धूळ झटकली, त्या माणसासमोर जाऊन पलटणीतल्यासारखे ताठ उभे राहिले, आणि आपल्या मुलीच्या वतीने त्याची माफी मागितली.